मनावरचा ताण, मेंदूतील दाह आणि पार्किन्सन: दुवा कितपत पक्का आहे?

पारदर्शी

पार्किन्सनचे निदान झाले की रुग्ण किंवा घरचे कुणी ना कुणी एक प्रश्न हमखास विचारतात: ‘आयुष्यभर इतका ताण सोसला, त्यानेच हे झाले असेल का?’ यावर काही जण सगळे आजार मनातूनच येतात असे सांगून मोकळे होतात, तर काही जण हा मेंदूचा आजार आहे, त्याचा मनाशी काही संबंध नाही, असे म्हणून विषय मिटवतात. उपलब्ध संशोधन वाचल्यावर मला ही दोन्ही उत्तरे घाईची वाटतात. माझे मत आधीच नोंदवून ठेवतो, म्हणजे वाद घालणे सोपे जाईल. या आजाराच्या प्रक्रियेत दाह (इजा किंवा संसर्ग झाल्यावर प्रतिकारयंत्रणा देते ती प्रतिक्रिया, इंग्रजीत इन्फ्लमेशन) सहभागी असतो, याला चांगला भक्कम आधार आहे. दीर्घकाळच्या ताणामुळे दाहावरचे नियंत्रण सुटते, हे प्राण्यांमध्ये स्पष्ट दिसते आणि माणसांत अंशतः दिसते. मात्र ताण हेच पार्किन्सनचे मूळ कारण आहे, असे म्हणण्याइतका पुरावा आज नाही.

ही शंका नवी नाही. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये या आजाराचे वर्णन केले. पुढे फ्रान्समध्ये शार्को आणि इंग्लंडमध्ये गॉवर्स या दोघा मेंदूविकारतज्ज्ञांनीही आजार सुरू होण्याआधी मोठा मानसिक धक्का किंवा दीर्घ चिंता असलेले रुग्ण नोंदवून ठेवले. अर्थात त्या केवळ नोंदी होत्या. आजार झाल्यावर मागे वळून पाहिले की आयुष्यात एखादा धक्का कुणालाही सापडतोच, त्यामुळे त्या नोंदींवर फार भिस्त ठेवता येत नाही.

आता मूळ प्रक्रियेकडे वळतो. मेंदूच्या खोल भागात सब्स्टॅन्शिया नायग्रा नावाचा एक काळसर पट्टा असतो. तेथील चेतापेशी डोपामिन हे संदेशवाहक रसायन तयार करतात आणि आपल्या हालचाली सुरळीत ठेवतात. पार्किन्सनमध्ये या पेशी हळूहळू मरतात आणि त्यांच्यात अल्फा-सिन्युक्लिन या प्रथिनाचे गोळे साचतात. या गोळ्यांना ‘लुई बॉडी’ म्हणतात. त्या पहिल्यांदा १९१२ मध्ये वर्णिल्या गेल्या, पण त्यांचा मुख्य घटक अल्फा-सिन्युक्लिन आहे हे कळायला १९९७ साल उजाडले. हाताचा कंप किंवा चालण्यातील मंदपणा दिसू लागतो, तोपर्यंत त्या पट्ट्यातील पेशींचा मोठा हिस्सा आधीच गेलेला असतो. म्हणजे ज्या घटनेचे कारण आपण शोधत असतो ती घटना लक्षणांच्या कित्येक वर्षे आधीच घडायला लागलेली असते, आणि या विषयातील निम्मी गुंतागुंत तिथेच आहे.

दाहाचा पुरावा प्रथम शवविच्छेदनातून आला. मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या पेशी असतात. मेंदूची राखण आणि साफसफाई ही त्यांची कामे. १९८८ मध्ये मॅकगीअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पार्किन्सनच्या रुग्णांच्या मेंदूत, नेमक्या सब्स्टॅन्शिया नायग्रामध्ये, या पेशी मोठ्या संख्येने चवताळलेल्या अवस्थेत असल्याचे दाखवले. त्यानंतर टीएनएफ-अल्फा, इंटरल्युकिन-१ बीटा आणि इंटरल्युकिन-६ ही दाह पेटता ठेवणारी द्रव्ये रुग्णांच्या मेंदूत आणि मेंदू-मज्जाद्रवात वाढलेली आढळली. पुढे रक्तातही तसेच संकेत मिळाले.

यावर लगेच आक्षेप येतो की पेशी मेल्या म्हणून साफसफाई करणाऱ्या पेशी गोळा झाल्या असतील, मग दाह हा कारण कसा? आक्षेप योग्यच आहे. पण एक विलक्षण घटना त्याला अंशतः उत्तर देते. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात घरगुती प्रयोगशाळेत बनवलेले एक अमली द्रव्य टोचून घेतलेल्या काही तरुणांना अचानक तीव्र पार्किन्सनसदृश अवस्था आली. त्या द्रव्यात एमपीटीपी नावाचा विषारी घटक होता, हे लँगस्टन यांच्या गटाने १९८३ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांच्यापैकी तिघांच्या मेंदूंचा अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. विष शरीरातून केव्हाच निघून गेले होते आणि मधे ३ ते १६ वर्षे लोटली होती, तरी तेथील मायक्रोग्लिया सक्रिय होत्या आणि पेशींचा नाश चालू असल्याच्या खुणा दिसत होत्या. एकदा सुरू झालेला दाह मूळ कारण गेल्यावरही स्वतःच्या बळावर चालू राहू शकतो, असा याचा अर्थ निघतो. मला स्वतःला हा पुरावा सर्वांत बोलका वाटतो.

आता ताणाकडे येऊ. ताण आला की मेंदूतील हायपोथॅलॅमस हा भाग पियुषिका (पिट्युटरी) ग्रंथीला आणि ती मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क (ॲड्रिनल) ग्रंथीला संदेश देते, आणि कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक रक्तात उतरते. इथे नवख्या वाचकाला कोडे पडते, कारण कॉर्टिसॉल दाह शमवते. म्हणून तर त्याच कुळातील स्टेरॉइड दमा आणि संधिवातात देतात. मग ताणाने दाह कमी व्हायला हवा, वाढतो कसा? याचे उत्तर कालावधीत आहे. कॉर्टिसॉल महिनोन्‌महिने चढे राहिले की प्रतिकारपेशी त्याला दाद देईनाशा होतात. २०१२ मध्ये शेल्डन कोहेन यांच्या गटाने निरोगी स्वयंसेवकांना सर्दीचा विषाणू देऊन हेच तपासले. दीर्घकाळ ताणाखाली असलेल्यांच्या पेशी कॉर्टिसॉलला कमी प्रतिसाद देत होत्या, आणि अशा लोकांना सर्दी अधिक प्रमाणात झाली. आदेश देणारा बसलेला आहे, पण ऐकणारे कान बंद झाले आहेत, अशी ती अवस्था असते.

पार्किन्सनशी याचा थेट सांधा जोडणारा अभ्यास २०११ चा आहे. उंदरांच्या मायक्रोग्लियातील कॉर्टिसॉलसदृश संप्रेरकांचे ग्राहक (रिसेप्टर, म्हणजे संप्रेरकाचा संदेश पकडणारी प्रथिने) काढून टाकले आणि मग एमपीटीपी दिले, तेव्हा डोपामिन पेशींचा नाश नेहमीपेक्षा जास्त झाला. याच अभ्यासात पार्किन्सनच्या रुग्णांच्या सब्स्टॅन्शिया नायग्रामध्ये हे ग्राहक कमी झाल्याचेही दिसले. म्हणजे दाहाचा लगाम सैल पडण्याची जागा आणि पेशी मरण्याची जागा एकच आहे.

माझी मांडणी इथवर. दुबळे दुवे कुठे आहेत, ते जाणकारांनी दाखवावेत.

शंकेखोर

धागा आवडला, पण मोठी अडचण तुम्ही ओझरती सांगून पुढे गेलात. चिंता आणि नैराश्य ही पार्किन्सनची पूर्वलक्षणे आहेत. वास कमी येणे, बद्धकोष्ठता आणि स्वप्नात हातपाय झाडणे यांच्याप्रमाणेच तीही कंपाच्या कित्येक वर्षे आधी दिसू शकतात, कारण डोपामिनबरोबर सेरोटोनिन आणि नॉरॲड्रिनलिन ही मेंदूतील इतर संदेशवाहक रसायने तयार करणाऱ्या पेशींनाही आजार लवकर गाठतो. मग ‘निदानाआधीची पाच-सात वर्षे खूप ताणाची होती’ असे रुग्ण म्हणतो, तेव्हा तो ताण आजाराच्या आधीचा होता की आजाराचाच भाग होता, हे ठरवायचे कसे? आधी ज्या प्रसंगांना माणूस सहज तोंड देत असे तेच प्रसंग पेलेनासे झाले, तर त्याला परिस्थिती कठीण झाल्यासारखी वाटेल, पण बदललेला असेल त्याचा मेंदू.

दुसरे म्हणजे, उंदराला एका अरुंद नळीत कोंडून ठेवणे आणि माणसाने वीस वर्षे न आवडणारी नोकरी करणे या दोन्हींना आपण ‘ताण’ म्हणतो. हे मला शास्त्रीयदृष्ट्या अजिबात पटत नाही.

आकडेमोड

शंकेखोर यांचा पहिला मुद्दा लोकसंख्येवरील अभ्यासांना तंतोतंत लागू पडतो, आणि तिथले चित्र एकसारखे नाही.

तैवानमधील राष्ट्रीय आरोग्य विम्याच्या नोंदींवरून २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आघातोत्तर ताणविकाराचे (पीटीएसडी) निदान झालेल्या लोकांमध्ये पुढे पार्किन्सन होण्याचे प्रमाण साधारण साडेतीनपट आढळले. आकडा मोठा आहे. पण अशा नोंदींत एक पळवाट राहते. मानसोपचारासाठी डॉक्टरांकडे नियमित जाणाऱ्या माणसाचे इतर आजारही लवकर पकडले जातात. शिवाय मानसविकारांवरच्या काही औषधांनीच पार्किन्सनसारखी लक्षणे येतात. संशोधक या गोष्टींची वजावट करायचा प्रयत्न करतात, तरी ती पूर्ण होतेच असे नाही.

याउलट डेन्मार्कमधील २०१० चा अभ्यास पाहा. तेथील राष्ट्रीय नोंदवह्यांत जोडीदाराचा मृत्यू, घटस्फोट, नोकरी जाणे अशा घटना आपोआप नोंदल्या जातात, त्यामुळे रुग्णाच्या आठवणीवर विसंबावे लागत नाही. हजारो रुग्णांची तुलना केली, तेव्हा अशा घटनांमुळे धोका वाढल्याचे दिसले नाही. स्वीडनमध्ये कामाच्या ताणाचा अभ्यास झाला (२०१८). त्यात कामाचा बोजा जास्त असलेल्या पुरुषांत धोका थोडा वाढलेला दिसला. पण कामावर स्वतःचे नियंत्रण असले की धोका कमी व्हावा, ही अपेक्षा मात्र खरी ठरली नाही. काही गटांत तर उलटेच दिसले.

मी यातून एवढेच काढतो की आयुष्यातील एखाद्या दुःखद घटनेवर आजाराचे खापर फोडायला आकडे साथ देत नाहीत. शरीराला वर्षानुवर्षे सावध अवस्थेत ठेवणाऱ्या तीव्र ताणविकारांबाबत मात्र प्रश्न उघडा आहे. शंकेखोर म्हणतात तसा ‘ताण’ या एका शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी मोजल्या जात असतील, तर निष्कर्ष विस्कळीत येणारच.

पारदर्शी

आकडेमोड, डेन्मार्कच्या अभ्यासाचा उल्लेख केलात हे फार बरे झाले. पत्नी गेली म्हणून वडिलांना पार्किन्सन झाला, असे मानणारी आणि त्या दुःखात आपण पुरेशी सोबत केली नाही म्हणून स्वतःला दोष देणारी मुले असतात. त्यांनी निदान हा एक अभ्यास तरी वाचावा.

शंकेखोर, उंदरांबद्दलचा आक्षेप मान्य, पण त्या प्रयोगांचा उपयोग वेगळा आहे. ताण आणि दाह एकत्र आले तर काय होते, हे माणसात मुद्दाम घडवून पाहता येत नाही. स्पेनमधील एका गटाने २०१४ मध्ये उंदरांना दीर्घकाळ ताणात ठेवले आणि मग सब्स्टॅन्शिया नायग्रामध्ये जिवाणूंच्या कवचातील दाहकारक द्रव्य टोचले. ताण नसलेल्या उंदरांच्या तुलनेत त्यांच्यात मायक्रोग्लिया अधिक भडकल्या आणि डोपामिन पेशी अधिक मेल्या. म्हणजे ताणाची भूमिका दुसऱ्या आघाताचा परिणाम वाढवण्याची दिसते. मी ‘मूळ कारण’ हे शब्द टाळतो ते यासाठीच.

सोबती

माझ्या सासऱ्यांना बरीच वर्षे हा आजार आहे. कारणांविषयी मी बोलणार नाही, पण ताणाने लक्षणे वाढतात हे मी रोज पाहते. अनोळखी माणूस दारात आला, फोन वाजला, घाईने कुठे निघायचे असले की त्यांचा हात थरथरू लागतो, पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. गोळी वेळेवर घेतलेली असली तरीही हे होते. अशा प्रत्येक वेळी त्यांच्या मेंदूची आणखी हानी होत असेल का, ही धास्ती मनातून जात नाही. आम्ही त्यांच्यासमोर वाद सोडाच, बातम्या लावायलाही कचरतो.

चेतातंतू

सोबतीताई, तुमच्या प्रश्नाचे उत्तर दिलासा देणारे आहे. तात्पुरती लक्षणे वाढणे आणि आजार पुढे सरकणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. प्रसंग सरला की कंप पूर्वीच्या पातळीवर येतो, याचाच अर्थ त्या क्षणी पेशी मेलेल्या नाहीत, मेंदूतील जाळ्यांचे काम फक्त बिघडले होते.

त्यामागची यंत्रणाही बऱ्यापैकी उलगडली आहे. तपासणीच्या वेळी आम्ही डॉक्टर रुग्णाला शंभरातून सात-सात वजा करायला सांगतो, ते गणित पाहण्यासाठी नसते. मनावर थोडा भार पडला की दडलेला कंप उघड होतो, म्हणून सांगतो. अशा वेळी मेंदूच्या तळाशी असलेल्या एका लहान केंद्रातून नॉरॲड्रिनलिन सुटते आणि कंप निर्माण करणाऱ्या जाळ्याला चेतवते. नेदरलँड्समधील संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवले की अशा बौद्धिक ताणाखाली लेव्होडोपा या पार्किन्सनच्या मुख्य औषधाचा कंपावरील परिणाम कमी होतो. गोळी वेळेवर घेऊनही हात थरथरतो तो यामुळे. डोपामिनची उणीव गोळी भरून काढते, पण इथे दुसरेच रसायन काम करत असते.

त्यामुळे घर निःशब्द ठेवण्याची गरज नाही. लोकांना भेटणे आणि बाहेर पडणे थांबले, तर जे नुकसान होते ते थरथरीपेक्षा मोठे असते. कंप लोकांना दिसेल म्हणून बाहेर जाणे टाळायचे आणि टाळल्यामुळे पुढच्या वेळी आणखी घाबरायचे, या फेऱ्यात अडकलेले रुग्ण मी पुष्कळ पाहतो.

जठराग्नी

या चर्चेत पोटाचा उल्लेख कसा आला नाही, याचे नवल वाटते. माझ्या मते ताण आणि दाह यांची गाठ सर्वांत स्पष्टपणे आतड्यातच पडते.

जर्मन मेंदूसंशोधक ब्राक यांनी २००३ मध्ये अशी मांडणी केली की अल्फा-सिन्युक्लिनचे विकृत गोळे आधी मेंदूच्या तळाशी व्हेगस नसेच्या (मेंदू आणि पोट-आतडी यांना जोडणाऱ्या नसेच्या) केंद्रात आणि गंधाच्या भागात दिसतात आणि तेथून वर चढतात. त्यावरून आजाराची सुरुवात आतड्यातून होत असावी, असा तर्क निघाला. डेन्मार्कमध्ये (२०१५) आणि स्वीडनमध्ये (२०१७) जुन्या काळी अल्सरसाठी व्हेगस नस कापलेल्या लोकांचा मागोवा घेतला गेला. नस मूळ खोडापाशीच पूर्ण कापलेल्यांमध्ये बऱ्याच वर्षांनी पार्किन्सनचे प्रमाण कमी असल्याचा इशारा मिळाला. हा इशारा आहे, सिद्धता नाही, कारण अशी माणसे थोडी असतात.

त्याहून नेमका पुरावा दाहाचा आहे. अमेरिकेतील विमा नोंदींवर आधारित २०१८ च्या अभ्यासात आतड्याचा दीर्घकालीन दाहविकार असलेल्यांत पार्किन्सनचे प्रमाण २८ टक्क्यांनी जास्त आढळले. त्या रुग्णांपैकी ज्यांना टीएनएफ रोखणारी औषधे मिळाली, त्यांच्यात ते प्रमाण औषध न मिळालेल्यांपेक्षा ७८ टक्क्यांनी कमी होते. दुसरा दुवा जनुकीय आहे. एलआरआरके-२ या जनुकातील बदल पार्किन्सनशी जोडलेले आहेत, हे २००४ पासून माहीत होते. २०१८ मध्ये दिसले की याच जनुकातील काही रूपे क्रोन या आतड्याच्या दाहविकाराचा आणि पार्किन्सनचा धोका एकाच दिशेने बदलतात. हे जनुक प्रतिकारपेशींमध्ये जोमाने काम करते, हे लक्षात घेतले की हा योगायोग वाटत नाही.

आणि ताणाबद्दल बोलायचे तर २०२० मध्ये एका प्रयोगात उंदरांना रोज काही काळ जखडून ठेवले आणि रोटेनॉन या कीटकनाशकाचा अल्प डोस दिला. ताणामुळे आतड्याचे अस्तर झिरपू लागले, जिवाणूंचा समतोल बिघडला, आणि मेंदूतील दाह व डोपामिन पेशींची हानी नुसत्या रोटेनॉनपेक्षा वाढली. आतड्यातून निसटलेले जिवाणूंचे घटक रक्तात शिरतात, आणि मेंदूतील राखणदार पेशी त्यांना उत्तर देतात, असा तो मार्ग आहे.

शंकेखोर

७८ टक्के हा आकडा पाहून कुणी टीएनएफविरोधी औषध मागायला धावू नये, म्हणून दोन शब्द लिहितो. त्या गटात मुळात पार्किन्सन झालेली माणसे फार थोडी होती, त्यामुळे चार-दोन रुग्ण इकडचे तिकडे झाले तरी टक्केवारी बरीच हलते. शिवाय ही औषधे मोठ्या रेणूंची असल्याने मेंदूत सहसा शिरत नाहीत. परिणाम खरा असेल, तर तो आतडे आणि रक्त यांमधला दाह कमी झाल्याने झाला असावा. ते जठराग्नी यांच्या मांडणीच्या बाजूचेच आहे, हे मी मान्य करतो.

आतड्यातून सुरुवात होते, हे मात्र सगळ्यांनाच लागू होईल असे मला वाटत नाही. ज्यांच्यात मेंदूतील बदल आधी आणि पोटातील नंतर दिसतात, असेही रुग्ण आहेत. पार्किन्सन हा एकच आजार आहे की वेगवेगळ्या वाटांनी एका ठिकाणी पोहोचणारे दोन-तीन आजार आहेत, याचा निवाडा अजून व्हायचा आहे.

नवा_सभासद

दाहच कारणीभूत असेल, तर आयबुप्रोफेनसारखी दाहशामक गोळी रोज घेतली तर चालेल का? कुठेतरी वाचले होते की त्याने धोका कमी होतो.

चेतातंतू

कृपया असे करू नका. तुम्ही वाचलेला अभ्यास बहुधा २०११ चा आहे. त्यात नियमित आयबुप्रोफेन घेणाऱ्यांत पार्किन्सनचा धोका ३८ टक्क्यांनी कमी आढळला होता, पण ॲस्पिरिन आणि इतर दाहशामक गोळ्यांमध्ये तसे दिसले नाही. नंतरच्या अभ्यासांचे निष्कर्षही एका दिशेचे नाहीत. दुसरीकडे, आयबुप्रोफेन दीर्घकाळ घेतल्यास जठरात रक्तस्राव, मूत्रपिंडाची हानी आणि हृदयविकार हे धोके निश्चित ठाऊक आहेत. अनिश्चित फायद्यासाठी निश्चित धोका पत्करण्याचा हा व्यवहार आतबट्ट्याचा आहे.

प्रत्यक्ष रुग्णांवरील चाचण्यांचा अनुभवही नम्र करणारा आहे. मिनोसायक्लिन हे प्रतिजैविक मायक्रोग्लियांना शांत करते आणि उंदरांत ते आशादायक वाटले होते. रुग्णांमध्ये मात्र प्राथमिक चाचणीपुढे त्याची मजल गेली नाही. मधुमेहावरचे पायोग्लिटाझोन दाहही कमी करते, पण २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्याने आजाराची गती कमी केली नाही. यावरून दाहाची कल्पनाच चुकीची ठरते, असे मी म्हणणार नाही. एक शक्यता अशी आहे की निदान होईपर्यंत औषधाला वाचवण्यासारखे फार थोडे उरलेले असते. दुसरी शक्यता अशी की मायक्रोग्लियांची काही कामे उपयोगाची असतात आणि सरसकट सगळ्यांना गप्प करणे हाच उपाय चुकीचा असतो. विकृत प्रथिनांचा कचरा उचलण्याचे कामही त्याच करतात.

आकडेमोड

इथे वेळेच्या मुद्द्याला पुष्टी देणारा एक प्रयोग आठवला. २००७ मध्ये उंदरांना जिवाणूंचे दाहकारक द्रव्य एकदाच, तेही मेंदूत नव्हे तर पोटात टोचले. यकृत आणि रक्तातील टीएनएफ आठवडाभरात पूर्ववत झाले, मेंदूतील मात्र दहा महिन्यांनंतरही वाढलेले होते. आणि पेशींची हानी लगेच झाली नाही. ती सात महिन्यांनी दिसली, सुमारे २३ टक्के. उंदराच्या आयुष्यात सात महिने म्हणजे मोठा काळ. माणसात याला समांतर असे काही घडत असेल, तर निदानाच्या वेळी त्या रुग्णाच्या आयुष्यातील मूळ घटना शोधणे जवळपास अशक्य आहे, कारण रक्तात तिची खूणही शिल्लक नसणार.

उंबरठा

सगळ्यांचे प्रतिसाद वाचले. एक साधा प्रश्न उरतो. ताण कुणाला नाही? मग पार्किन्सन थोड्यांनाच का होतो?

पारदर्शी

उंबरठा, प्रश्न साधा आहे, पण मर्मावर बोट ठेवणारा आहे. या क्षेत्रातले बहुतेक जण आज असे मानतात की एकच आघात पुरत नाही, अनेक आघातांची बेरीज व्हावी लागते. जनुकीय कल हा एक घटक आहे. एलआरआरके-२ शिवाय, प्रतिकारपेशींना परके प्रथिन ओळखायला मदत करणाऱ्या एचएलए जनुकांचाही पार्किन्सनशी संबंध २०१० मध्ये दिसून आला. पॅराक्वॅट आणि रोटेनॉन यांसारख्या कीडनाशक-तणनाशकांशी आलेला संपर्क हा दुसरा घटक. डोक्याला झालेली इजा हा तिसरा. आणि वय तर सगळ्यांच्या वर, कारण वाढत्या वयात मायक्रोग्लिया आपोआपच चिडखोर होतात.

डोपामिन पेशींचे स्वतःचे दुबळेपणही जमेस धरावे लागते. त्या सतत विद्युतसंकेत सोडत असतात, त्यांच्या एकेका पेशीच्या फांद्या अफाट पसरलेल्या असतात, आणि डोपामिन विघटित होताना पेशीला घातक अशी द्रव्ये तयार होतात. त्यात सब्स्टॅन्शिया नायग्रा हा मेंदूतील मायक्रोग्लियांची सर्वाधिक दाटी असलेल्या भागांपैकी एक आहे. आधीच काठावर जगणाऱ्या पेशी आणि भोवती राखणदारांची गर्दी, अशी ती जागा आहे. ताण सगळ्यांना असतो, पण ही सगळी बेरीज सगळ्यांच्या वाट्याला येत नाही.

आणखी एक धागा उल्लेख करण्याजोगा आहे. २०१७ मध्ये डेव्हिड सल्झर आणि अलेस्सांद्रो सेट्टे यांच्या गटांनी दाखवले की काही पार्किन्सन रुग्णांच्या रक्तातील टी-पेशी (एक प्रकारच्या प्रतिकारपेशी) अल्फा-सिन्युक्लिनच्या तुकड्यांना शत्रू समजून प्रतिसाद देतात. म्हणजे काही रुग्णांमध्ये हा आजार स्वप्रतिकारक विकारांच्या (ज्यांत प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच शरीरावर हल्ला करते) जवळ जातो की काय, अशी शंका घ्यायला जागा आहे. दीर्घ ताणाने प्रतिकारयंत्रणेची घडी विस्कटते, हे खरे धरले तर हा दुवाही तपासण्यासारखा आहे. पण तो तपास अजून नीटसा झालेला नाही, म्हणून मी त्यावर इमारत उभारत नाही.

सोबती

माहितीबद्दल सर्वांचे आभार. आता व्यवहारातले विचारते. ताण कमी केल्याने आजार थांबतो, असे कुणी म्हणत नाही, हे समजले. मग योग, ध्यान, व्यायाम यांचा नेमका किती उपयोग होतो? आणि रक्तातील कॉर्टिसॉल किंवा सीआरपी (शरीरातील दाह दाखवणारे प्रथिन) तपासून काही कळते का? आम्हाला कुणीतरी त्या चाचण्या सुचवल्या आहेत.

चेतातंतू

चाचण्यांचे आधी सांगतो. कॉर्टिसॉल दिवसभरात सतत बदलते, पहाटे चढते आणि रात्री उतरते. सीआरपी साध्या दातदुखीनेही वाढते. गटागटांची तुलना करताना संशोधकांना त्यांचा उपयोग होतो, पण एका रुग्णाच्या पार्किन्सनबद्दल त्यांवरून काहीच ठरवता येत नाही आणि उपचारही बदलत नाहीत. दुसऱ्या एखाद्या आजाराची शंका नसेल तर या चाचण्यांवर खर्च करू नका.

व्यायामाला मी पहिला क्रमांक देतो. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत नुकतेच निदान झालेल्या आणि औषध सुरू न केलेल्या रुग्णांना सहा महिने ट्रेडमिलवर जोरकस चालायला लावले होते. हृदयगती कमाल मर्यादेच्या ८० ते ८५ टक्क्यांपर्यंत नेणाऱ्या गटाची लक्षणे जवळपास स्थिर राहिली, तर नेहमीप्रमाणे राहणाऱ्या गटाची वाढली. हा परिणाम दाह कमी झाल्यामुळे होता की अन्य कारणाने, हे त्या चाचणीने सांगितलेले नाही. सासऱ्यांचे वय आणि हृदयाची स्थिती पाहून, पडण्याचा धोका तपासून आणि भौतिकोपचारतज्ज्ञाला विचारूनच वेग ठरवावा.

ध्यान आणि योगाबद्दल हाँगकाँगमध्ये झालेली चाचणी (२०१९) उपयोगी आहे. आठ आठवडे सजगतेवर आधारित योग करणाऱ्यांची तुलना स्नायू ताणण्याचे (स्ट्रेचिंग) व स्नायुबळाचे व्यायाम करणाऱ्यांशी केली होती. हालचालींतील सुधारणा दोन्हींत सारखीच झाली, पण चिंता आणि नैराश्य योग करणाऱ्या गटात अधिक कमी झाले. एवढा फायदा पुरेसा आहे, कारण रुग्णाचे आयुष्य कठीण करण्यात चिंतेचा वाटा अनेकदा कंपापेक्षा मोठा असतो.

शेवटी एक गोष्ट बारकाईने पाहायला सांगतो. सासऱ्यांची घालमेल नेमकी कोणत्या वेळी होते, ते गोळीच्या वेळेशेजारी आठवडाभर लिहून ठेवा. पुढच्या गोळीची वेळ जवळ आली की चिंता उसळते आणि गोळी लागू पडल्यावर ओसरते, असे दिसले, तर ती चिंता परिस्थितीमुळे आलेली नसून औषधाचा अंमल उतरल्यामुळे आलेली असू शकते. अशा वेळी समुपदेशनापेक्षा गोळ्यांमधील अंतर किंवा मात्रा बदलल्याने जास्त फरक पडतो. हा बदल स्वतःहून करू नका. ती वही तुमच्या मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा, त्यांना त्यातून पुष्कळ कळेल.

सोबती

घालमेल बहुतेक दुपारच्या गोळीच्या आधी होते, हे आता लिहिताना लक्षात येते आहे. आजपासून नोंद ठेवते आणि पुढच्या भेटीला वही घेऊन जाते.